किट आणि फिगर नव्याने रंगवताना

एकच साचा, पण रंग बदलला की वेगळे पात्र, ही युक्ती मॉडेल किटच्या जगात कारखान्यांनीच रूढ केली. ‘मोबाइल सूट गंडम’ ही जपानी ॲनिमेशन मालिका १९७९ मध्ये प्रसारित झाली आणि जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातील नायक यंत्राचे १/१४४ प्रमाणातले पहिले किट ३०० येनला विकायला काढले. मालिकेतला झाकू नावाचा हिरवा यंत्रमानव हा शत्रुपक्षाच्या साध्या सैनिकाचा. तोच तांबूस रंगात आला आणि त्याच्या कपाळावर तुरा चढला की तो शार या नामांकित लढवय्याचा. त्या काळातल्या किटचे भाग बहुधा एकाच रंगाच्या प्लास्टिकचे असत, त्यामुळे चिकटवणे आणि रंगवणे या दोन्ही गोष्टी घेणाऱ्यालाच कराव्या लागत. १९९० मध्ये ‘हाय ग्रेड’ मालिकेपासून भाग मुळातच रंगीत आणि नुसते दाबून जोडता येतील असे सर्रास मिळू लागले. आज रंगकामाची सक्ती राहिलेली नाही. ज्याला कारखान्याने दिलेल्यापेक्षा वेगळे रूप हवे आहे, तोच ब्रश हातात घेतो.

या कामात हात बसायला वेळ लागतो, पण बहुतेक किट आणि फिगर हात बसला नाही म्हणून बिघडत नाहीत. रंग चिकट राहतो, त्याचे पोपडे निघतात, सांध्यात प्लास्टिक तडकते. ही तिन्ही दुखणी रंगाखालचे साहित्य न ओळखल्यामुळे किंवा थरांचा क्रम उलटल्यामुळे होतात. म्हणून छटा निवडण्याआधी वस्तू कशाची बनली आहे, हे पाहावे लागते.

जुळणीच्या किटमध्ये मुख्यतः पॉलिस्टायरीन असते. ते कडक असते, वाकवले तर कटकन तुटते आणि बहुतेक रंग चांगले धरते. सांगाड्यासारख्या झीज सोसणाऱ्या भागांत पुष्कळदा एबीएस वापरतात. ते जास्त चिवट असते, पण ताणाखाली असताना थिनरला फार हळवे ठरते. सांध्यांत बसणाऱ्या मऊ टोप्या पॉलिएथिलीनच्या असतात आणि त्यांच्यावर कोणताच रंग नीट टिकत नाही, त्यामुळे त्या रंगवण्याचा खटाटोप करू नये. गंडमच्या किटमध्ये भागांच्या चौकटीवरच पीएस, एबीएस, पीई अशी अक्षरे उठवलेली असतात. रंगवून येणाऱ्या ॲनिमे फिगरमध्ये पीव्हीसी आणि एबीएस दोन्ही असतात, आणि खोक्यावर तशी नोंद असते. हॉट व्हील्ससारख्या छोट्या गाड्यांची कवचे जस्ताच्या मिश्रधातूची असतात. छोट्या कारागिरांनी ओतलेली किट रेझिनची असतात.

यांतले पीव्हीसी सर्वांत फसवे. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. इनॅमल रंग किंवा हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे अशा पृष्ठभागावर मारला, तर तो महिनोन्महिने सुकत नाही. बोट लावले की ठसा उमटतो आणि धूळ कायमची बसते. पीव्हीसीवर पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक प्रायमर आणि त्यावर ॲक्रिलिक रंग, हा सुरक्षित मार्ग आहे. तरीही फिगरच्या तळपायावर किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून चार-आठ दिवस वाट पाहावी. ठिपका कडक राहिला तर पुढे जावे.

कोणती वस्तू रंगवू नये, हेही आधीच ठरवावे. जुन्या, मूळ रंगातल्या आणि खोक्यासकट राहिलेल्या फिगरची किंमत त्या मूळ रंगातच असते. केनर कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या ‘स्टार वॉर्स’ फिगरवर नवा रंग चढला की संग्राहकाच्या लेखी तिचे मोल बहुतांशी संपते, रंग कितीही सुबक असला तरी. सरावासाठी तुटकी, सुटे भाग हरवलेली किंवा सहज पुन्हा मिळणारी वस्तू घ्यावी. महाराष्ट्रात मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या बसला एसटीची लाल-पिवळी रंगसंगती देणारे हौशी लोक आहेत. सुरुवातीला अशी स्वस्त वस्तू फार सोयीची पडते, कारण ती बिघडली तरी जीव तुटत नाही. नव्याने रंगवलेली वस्तू पुढे विकायची झाल्यास ती तशी आहे हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक आहे.

रंगवण्याआधी वस्तूचे भाग शक्य तितके सुटे करावेत. पीव्हीसी फिगरचे हात, केस, डोके बहुधा खुंटीवर बसवलेले असतात. केस सुकवायच्या ड्रायरने किंवा गरम पाण्यात मिनिटभर धरून प्लास्टिक मऊ केले, की ते हलक्या हाताने ओढून निघतात. थंड असताना ओढल्यास खुंटी आतच तुटते. वाकलेली तलवार किंवा पाय सरळ करायलाही हाच उपाय चालतो: गरम पाण्यात मऊ करून, हव्या त्या आकारात धरून लगेच थंड पाण्यात बुडवावे. धातूच्या गाडीचा तळ रिव्हेटने बसवलेला असतो. ते रिव्हेट छोट्या ड्रिलने हळूहळू कोरून काढावे लागते.

किटचे भाग चौकटीतून काढताना निपरने दोनदा कापावे. पहिल्यांदा भागापासून थोडे लांब कापून एक-दोन मिलिमीटर देठ ठेवावा, मग तो देठ वेगळा छाटावा. एकदम लागून कापले तर ताणामुळे प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो आणि तो गडद रंगाच्या भागांवर चांगलाच दिसतो. राहिलेला उंचवटा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून, पुढे ६००, ८०० आणि १००० असे बारीक होत जावे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक पुसट रेघ राहते. ती पात्याची कड आडवी धरून खरवडावी. दोन अर्ध्या भागांच्या मधली फट बुजवायची असेल, तर पॉलिस्टायरीनसाठी तामियाच्या ‘एक्स्ट्रा थिन’सारखे पातळ सिमेंट वापरतात. ते गोंदासारखे मध्ये बसत नाही, दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवून एकजीव करते. भाग दाबल्यावर सांध्यातून प्लास्टिकचा बारीक उमाळा बाहेर यायला हवा. तो किमान एक दिवस कडक होऊ देऊन मग घासला, की सांधा दिसेनासा होतो. हे सिमेंट पीव्हीसी, रेझिन आणि धातूवर उपयोगाचे नाही. तिथे सुपर ग्लू आणि पुट्टी.

जुना रंग काढण्याची गरज दरवेळी नसते. तो पातळ आणि घट्ट असेल, तर बारीक पेपरने नुसता खरखरीत केला तरी पुरते. थर जाड असून चेहऱ्याचे बारकावे बुजत असतील, तरच तो काढावा. पाण्याच्या ॲक्रिलिक रंगांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल बहुधा पुरते. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत ते मिळते. भाग सुटा असावा, फार वेळ बुडवून ठेवू नये, आणि रंग सैल झाला की जुन्या टूथब्रशने घासावा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र प्लास्टिकजवळ आणू नये. त्यात बहुधा ॲसिटोन असते आणि ते पॉलिस्टायरीन व एबीएस दोन्ही विरघळवते. हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी थिनरचेही तसेच. त्याचा उपयोग एअरब्रशचे धातूचे भाग धुण्यापुरता ठेवावा. किटमधल्या सोनेरी-चंदेरी मुलाम्याच्या भागांचा मुलामा घरगुती ब्लीचमध्ये बुडवला की उतरतो. हे काम खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून करावे आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही रसायन, विशेषतः ॲसिड, मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

घासून झाले की सगळे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेले तेल आणि बोटांचा तेलकटपणा हे रंगाचे वैरी आहेत. रेझिनच्या किटवर ते तेल बरेच जास्त असते, म्हणून तिथे दोनदा धुणे बरे. धुतल्यानंतर भाग हातात धरू नयेत. चिमटा लावलेल्या काडीत अडकवून ठेवावेत.

प्रायमरचा थर म्हणजे रंगाचे अस्तर. गुळगुळीत प्लास्टिकला तो पकड देतो आणि राहिलेले ओरखडे उघडे पाडतो. करड्या प्रायमरवर ओरखडे सर्वांत स्पष्ट दिसतात, म्हणून सर्वसाधारण कामाला करडाच घ्यावा. पिवळा, लाल आणि नारिंगी हे रंग झाकायला दुबळे असतात; त्यांच्याखाली पांढरे अस्तर लागते. धातूसारखी चमक हवी असेल तर काळे, तेही चकचकीत. ‘मिस्टर सरफेसर’ या जपानी प्रायमरच्या डब्यावर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका थर बारीक. रंगकामासाठी १००० किंवा त्यापुढचा घ्यावा. डब्यातला स्प्रे मारताना अंतर १५ ते २५ सेंटिमीटर असावे, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. पहिल्या हातात प्लास्टिक झाकले गेलेच पाहिजे असे नाही. धुक्यासारखे दोन-तीन हात दिले तर ओघळ येत नाहीत.

छंदात वापरले जाणारे रंग ढोबळमानाने तीन जातींचे आहेत. लॅकर सर्वांत तीव्र; ‘मिस्टर कलर’ किंवा तामियाचे एलपी क्रमांकाचे रंग या जातीचे. त्यांतले द्रावण उडून गेले की थर सुकतो, काही मिनिटांतच, आणि अतिशय टणक होतो. मात्र तेच द्रावण खालचा दुसरा रंग पुन्हा विरघळवू शकते. इनॅमल सौम्य आणि सावकाश. हम्ब्रोलच्या छोट्या डब्यांतला रंग या जातीचा. तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कडक होतो, त्यामुळे त्याला काही तासांपासून कित्येक दिवस लागतात. स्पेनच्या वायेहोसारख्या कंपन्यांचे ॲक्रिलिक पाण्यात पातळ होते, सुकल्यावर पाण्याने निघत नाही, पण त्याची पकड तिघांत सर्वांत कमी. तामियाचे एक्स आणि एक्सएफ क्रमांकांचे ॲक्रिलिक मधल्या वाटेचे आहेत. ते अल्कोहोलयुक्त थिनरने पातळ करतात.

यातून क्रम ठरतो: तीव्र खाली, सौम्य वर. लॅकरच्या थरावर इनॅमल किंवा ॲक्रिलिक निर्धास्तपणे चढवता येते, आणि इनॅमल पुसताना खालचे लॅकर जागचे हलत नाही. उलट केले, म्हणजे इनॅमलवर लॅकर ओतले, तर खालचा थर सुरकुततो. शेवटचे संरक्षक, पारदर्शक क्लिअर लॅकरचेच द्यायचे असेल, तर ते दुरून, जवळजवळ कोरडे पडेल असे, अनेक हलक्या हातांनी द्यावे. एक थर वाळला की नाही हे बोटाने पाहण्यापेक्षा नाकाने पाहावे. थिनरचा वास येत असेल तोवर रंग वरवर सुकलेला आहे, आतून पक्का झालेला नाही.

ब्रशने रंगवायचे असेल तर पाण्याचे ॲक्रिलिक सर्वांत सोयीचे. रंग बाटलीतून थेट लावू नये. पाणी घालून दुधाइतका पातळ करावा आणि दोन ते चार हातांत झाकावा. पहिला हात डागाळलेला दिसतो, तो तसाच सुकू द्यावा. अर्धवट सुकलेल्या रंगावरून ब्रश परत फिरवला की तो उखडतो आणि पट्टे उमटतात. मोठ्या पृष्ठभागाला रुंद चपटा ब्रश घ्यावा. नवशिके बहुधा फार बारीक ब्रश निवडतात आणि त्यात थेंबभर रंगही राहत नाही, टोकावरच वाळतो. चांगले टोक असलेला मध्यम ब्रश बारीक कामालाही पुरतो.

एअरब्रशने थर पातळ आणि सलग येतो. ०.३ मिलिमीटरच्या नॉझलचा, डबल-ॲक्शन घोड्याचा एअरब्रश बहुतेक कामांना चालतो. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा. लॅकर थिनरने दीडपट-दुप्पट पातळ करावा लागतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, आणि मुंबई-कोकणात तर तो ऐच्छिक नाहीच. पावसाळ्यात तिथली सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. लॅकर वेगाने सुकताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि चकचकीत काळा रंग पांढुरका पडतो. अशा दिवसांत सावकाश उडणारे रिटार्डर थिनर वापरावे किंवा ते काम थांबवून घासण्या-जोडण्याकडे वळावे. पाण्याच्या ॲक्रिलिकला हा त्रास होत नाही, ते फक्त उशिरा सुकते.

लॅकर आणि इनॅमलची वाफ मेंदूला आणि फुप्फुसांना अपायकारक आहे. कापडी मास्कने ती अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसे असलेला रेस्पिरेटर लागतो, आणि हवा बाहेर फेकणारा पंखा. त्या खोलीत गॅसची शेगडी, निरांजन, उदबत्ती पेटलेली नसावी. घरात तान्हे मूल असेल आणि वेगळी खोली नसेल, तर सरळ पाण्याच्या रंगांवर राहावे. त्यांतही उत्तम काम होते. उरलेले थिनर मोरीत ओतू नये. बंद बरणीत ठेवले तर रंग तळाशी बसतो आणि वरचे थिनर धुण्यासाठी पुन्हा वापरता येते.

हलणाऱ्या सांध्यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. रंगाचा थर पातळ दिसला तरी त्याला जाडी असते. खांदा फिरवला की तो घासून निघतो, किंवा खुंटी भोकात बसेनाशी होऊन तुटते. खुंट्या आणि भोके मास्किंग टेपने झाकून रंगवावे आणि जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात तिथे रंगाआधी प्लास्टिकच थोडे घासून जागा करावी. ज्या फिगरला रोज नवी ठेवण द्यायची आहे, तिचे सांधे मूळ रंगाचेच ठेवणे शहाणपणाचे.

चेहरा हा फिगरचा जीव. त्वचेला एकच सपाट रंग दिला तर ती खेळण्यासारखी दिसते. मूळ छटेपेक्षा किंचित लालसर गडद रंग हनुवटीखाली, नाकाच्या बाजूला आणि केसांच्या मुळाशी द्यावा, आणि कपाळ-गालावर थोडी उजळ छटा. डोळ्याचा पांढरा भाग शुद्ध पांढरा देऊ नये, फिकट करडा किंवा हस्तिदंती द्यावा. मग वरच्या पापणीची गडद रेघ, बुबुळ आणि शेवटी प्रकाशाचा ठिपका. दोन्ही डोळे टप्प्याटप्प्याने बरोबरच रंगवावेत, नाहीतर नजर जुळत नाही. फिगर उलटी धरून पाहिली की तिरपेपणा लगेच कळतो. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे सर्वांत सरावलेल्या हाताचे काम मानले जाते आणि ते रंगकामाच्या शेवटाकडे होते. छोट्या फिगरच्या बाबतीत पुष्कळ कलाकार उलट करतात. डोळे आधी आखतात, कारण पापणीबाहेर गेलेला रंग नंतरच्या त्वचेच्या रंगाने झाकता येतो. दोन-तीन इंचांच्या फिगरच्या चेहऱ्यावर हाच क्रम जास्त सोयीचा ठरतो. ॲनिमे फिगरचे डोळे कारखान्यात छापलेले असतात आणि ती सफाई हाताने क्वचितच साधते. ते चांगले असतील तर झाकून ठेवावेत आणि बाकीचा चेहरा रंगवावा.

किटच्या पृष्ठभागावरच्या खाचा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत पातळ इनॅमल सोडतात. त्याआधी चकचकीत क्लिअरचा थर द्यावा. खडबडीत मॅटवर रंग पसरून डाग पडतात. ब्रशचे टोक खाचेला टेकवले की रंग आपोआप धावतो. अर्ध्या तासाने बाहेर आलेला भाग थिनरने किंचित ओल्या कापसाच्या काडीने पुसावा. इथेच एबीएस तडकण्याचा मोठा धोका असतो: थिनर सांध्याच्या फटीत झिरपते आणि ताणाखालचे प्लास्टिक फोडते. म्हणून हे काम भाग सुटे असताना करावे, आणि उघड्या प्लास्टिकवर कधीही करू नये.

पाण्यात भिजवून लावायच्या चित्रपट्ट्यांनाही चकचकीत पृष्ठभागच हवा. मॅटवर लावल्यास पट्टीखाली हवा अडकून ती चंदेरी दिसते. दहा-वीस सेकंद पाण्यात बुडवून बाहेर काढावी, सरकू लागेपर्यंत थांबावे, मग जागेवर नेऊन ओल्या कापसाने मधून कडेकडे दाबावे. वक्र भागावर पट्टी मऊ करणाऱ्या ‘मार्क सॉफ्टर’चा थेंब टाकला की पट्टी सुरकुतून पुन्हा सपाट बसते. ती सुरकुतलेली असताना हात लावू नये. पूर्ण सुकल्यावर शेवटचे मॅट किंवा सॅटिन क्लिअर, ज्याखाली सगळे झाकले जाते.

मळ आणि झीज दाखवायची असेल तर खरे यंत्र कुठे झिजते ते पाहावे. पाय टेकतो ती पायरी, उघडझाप होणारी झाकणे, कोपरे. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, त्या जागी हलकेच टेकवला की रंग उडाल्याचा भास होतो. चिखलाची भुकटी चाकांवर आणि खालच्या पट्ट्यात, वर जाताना विरळ. अमेरिकन कलाकार शेप पेन यांनी १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत दिलेल्या माहितीपत्रकांतून किटभोवती एखादे प्रसंगचित्र उभे करण्याची पद्धत घराघरांत पोहोचवली. त्यांच्या कामातून शिकण्यासारखे हे की प्रत्येक डागामागे काहीतरी घडलेले असते. सगळीकडे सारखाच गंज शिंपडला तर यंत्र जुने न वाटता नुसते घाणेरडे दिसते.

पूर्ण झालेली वस्तू निदान आठवडाभर खोक्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये. पुढेही पीव्हीसी फिगर मऊ प्लास्टिकला चिकटून राहील अशी ठेवू नये. थेट उन्हातही ठेवू नये, प्लास्टिक पिवळे पडते. धूळ मऊ मेकअप ब्रशने झाडावी, ओले कापड फिरवू नये. वापरलेल्या छटांच्या मिश्रणाचे प्रमाण वहीत लिहून त्या रंगाची छोटी बाटली राखून ठेवली, तर कधी खांद्याचा टवका उडाला तरी तेवढीच जागा त्याच रंगाने भरता येते.